सिग्नलला बंद पडणारी गाडी

माझी 2006 ची पेट्रोल गाडी. एसी लावून सिग्नलला थांबलं की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पाचशेवर यायचा, गाडी थरथरायची आणि बंद. मेकॅनिकने फ्युएल पंप बदलायला सांगितलं. म्हटलं, आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग, तरी बघू.

इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली. एअर फिल्टरचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, वायरींची दोन सॉकेट, मग दहाच्या पान्याचे चार बोल्ट. खालून कूलंटच्या दोन बारीक नळ्या येतात, हे मला निम्मा कप कूलंट बुटावर सांडल्यावर कळलं!

झडपेच्या कडेला काजळीचा चिकट थर, तव्याच्या काठावर साचतो तसाच. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) तेलाची वाफ तिथे येऊन बसते आणि आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहायला, लागणारी हवा अडते. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसलं, कोपऱ्यांत जुना टूथब्रश. सेन्सरवर फवारा मारला नाही. आयडल व्हॉल्व्हच्या भोकातून तर काळं पाणीच निघालं.

जोडामधलं गॅस्केट नवीन टाकलं. कूलंट भरून स्टार्टर मारला. तिसऱ्या वेळी धूर सोडत चालू झाली. दहा मिनिटांत आयडल साडेसातशेवर स्थिर, एसी लावूनसुद्धा. पंप जुनाच आहे.