अकरा अंकी पावती आणि चाळीस किलो हळद

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात पिकणारी वायगाव हळद, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती घरच्या चक्कीवर दळून मी ऑनलाइन विकतो. गेल्या उन्हाळ्यात परगावच्या एका दुकानदाराने चाळीस किलो पूड मागवली, पैसे पाठवल्याच्या पावतीचे छायाचित्र धाडले आणि मी खाते न तपासताच खोके रवाना केले. रात्री निरखून पाहिले, तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा अंकी असतो आणि त्या पावतीवर अकराच अंक होते.

पुढे दोन महिने ‘दादा, उद्या टाकतो’ एवढेच ऐकले. भांडलो नाही, भांडल्यावर माणूस फोन उचलणेच सोडतो.

शेवटी आधीच करून ठेवलेली उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारदरबारी होणारी नोंद, कामी आली. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ नुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बिल, पार्सलची पावती आणि त्याच्या संदेशांच्या प्रती जोडून मी तशी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली व थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या ‘समाधान’ या सरकारी पोर्टलवर तक्रार करीन, असे शेवटी एकच वाक्य लिहिले. नवव्या दिवशी मुद्दल जमा झाले. व्याजाचा आग्रह मी धरला नाही.

आता खात्यात रक्कम दिसल्याशिवाय मी खोके बांधत नाही. जुन्या गिऱ्हाइकांना त्याचा राग येतो, तो मी येऊ देतो.