बारा व्होल्टचे घरगुती दिवे, आणि होल्डरला लांबून नमस्कार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी देवघरात लाल झिरोचा बल्ब चोवीस तास जळायचा. आईच्या काळापासूनचा. नाव झिरो, पण तो बल्ब पंधरा वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढा भार कळायचा नाही, म्हणून लोकांनी झिरो नाव पाडलं म्हणतात. आताच्या मीटरला बरोबर कळतो. पंधरा वॅट, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याचे जवळपास अकरा युनिट. मी एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, पोरांना ओहमचा नियम लावून द्यायचो, आणि माझ्याच घरात हा बल्ब तापत बसायचा. रिटायर झाल्यावर पहिलं काम तेच घेतलं.

त्या जागी आता जे आहे ते असं: चार लाल एलईडी एकापाठोपाठ एक, त्यांच्या रांगेत 270 ओहमचा एक रेझिस्टन्स, आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर. एवढंच.

रेझिस्टन्स कशाला, हे आधी समजून घ्या. पोरं इथेच फसतात. साधा बल्ब शहाणा असतो. तार तापली की तिचा विरोध वाढतो, करंट आपोआप आवरला जातो. एलईडीला पोट भरल्याचं कळत नाही. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीन ते सव्वातीन. त्यावर जरा व्होल्टेज चढलं की करंट दुपटी-तिपटीनं धावतो आणि एलईडी मरतो. त्याच्या ताटात मोजून वाढायचं काम रेझिस्टन्सचं.

हिशोब तोंडी होतो. चार लाल म्हणजे आठ व्होल्ट. बारातून आठ गेले, चार उरले. मला पंधरा मिलिअँपिअर करंट हवा. चारला 0.015 नं भागा, 267 येतात. दुकानात 270 चा मिळतो: लाल, जांभळा, तपकिरी पट्टे. पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीला वीस मिलिअँपिअरपर्यंत चालतो, तरी मी पंधरावरच थांबतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि एलईडीचा खरा वैरी उष्णता आहे. उजेडात फरक डोळ्याला कळत नाही, आयुष्यात कळतो.

पांढरे लावायचे तर तीन घ्या, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ व्होल्ट झाले, आणि 220 ओहम: लाल, लाल, तपकिरी. जास्त उजेड हवा तर तीन-तीनच्या आणखी रांगा करा, प्रत्येक रांगेला तिचा स्वतःचा रेझिस्टन्स. दहा रांगांना मिळून एकच रेझिस्टन्स लावायची काटकसर करू नका. सगळे एलईडी सारखे नसतात. एक रांग हावरटासारखी जास्त ओढते, ती मेली की तिचा वाटा बाकीच्यांवर येतो.

सामान सीताबर्डीच्या बाजारात सुट्या पार्टच्या कोणत्याही दुकानात मिळतं: एलईडी, पाव वॅटचे रेझिस्टन्स, झिरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा, पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, थोडं सोल्डर, उघड्या सांध्यांवर चढवायला स्लीव्ह. अडॅप्टर विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. जुन्या सेट टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा घरात कुठंतरी पडलेला असतो. त्यावर 12 व्होल्ट डीसी लिहिलेलं पाहा आणि मल्टिमीटरनं मोजा. हातात हलका लागणारा घ्या. जुने जडशीळ, आत ट्रान्सफॉर्मरवाले असतात ते लोड नसताना सोळा-सतरा व्होल्टही दाखवतात, मग तुमचा सगळा हिशोब वाया.

एलईडीची लांब काडी प्लस. काड्या कापल्या असतील तर खालच्या कडेवर बोट फिरवा, जिथं कडा सपाट लागेल ती बाजू मायनस. पहिल्याची मायनस दुसऱ्याच्या प्लसला, अशी साखळी. सोल्डर करताना आयर्न काडीला आणि तांब्याला एकाच वेळी टेकवा, एक-दोन सेकंदांनी सोल्डर लावा, वितळून चकचकीत पसरलं की लगेच उचला. सगळं मिळून तीन-चार सेकंद. दहा सेकंद टेकवून ठेवलं तर एलईडी आतून भाजतो आणि दिवाळीनंतर मरतो, तेव्हा कारण आठवत नाही. पहिल्यांदा चालू करताना मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून रांगेतच जोडा. बारा ते सोळाच्या मध्ये आकडा आला की झालं.

आता घात कुठं झाला ते सांगतो. पहिला दिवा मी हौसेनं जुन्या बल्बच्या पितळी टोपीत बसवला होता. काच फोडून, आतलं साफ करून, टोपीत पांढऱ्या एलईडींची रांग, वरून दुधी झाकण. दिसायला दुकानातल्यासारखा. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी घरात धांदल, पॅसेजमधला बल्ब गेला. धाकट्या भावानं माझ्या टेबलावरचा "बल्ब" उचलला आणि 230 व्होल्टच्या होल्डरमध्ये फिरवला. बटण दाबताच फटाक! झाकण उडालं, रेझिस्टन्सचा कोळसा झाला, एमसीबी पडला. भाऊ स्टुलावरून खाली उतरून म्हणतो, "दादा, बाँब बनवून राहिला काय तू?"

चूक त्याची नव्हती. बल्बसारखं दिसेल ते माणूस होल्डरमध्येच घालणार. तेव्हापासून माझ्या हातचा कोणताही दिवा होल्डरमध्ये जाऊ शकेल अशा टोपीत मी बसवत नाही. तुम्हीही बसवू नका. फ्युज झालेल्या एलईडी बल्बचं दुधी झाकण आणि अ‍ॅल्युमिनियमचा कप वापरा, पण खालची टोपी करवतीनं कापून फेका. श्रीखंडाचा डबाही चालतो, देवघरातला दिवा अजून त्याच्यातच आहे. घरातलं मूळ वायरिंग तसंच राहू द्या, अडॅप्टर प्लग पॉइंटला लावा, आणि तिथून पुढं सगळं बारा व्होल्टचं. बारा व्होल्टला हात लागला तर चटकाही बसत नाही.

काही जण कपॅसिटर लावून थेट 230 वर एलईडी चालवायचे सर्किट दाखवतात. स्वस्त पडतं, चालतंही. पण त्यात एलईडीची काडी आणि खांबावरची लाइन यांच्यात कसलाही आडपडदा नसतो. लॅबमध्ये एकदा अशा बोर्डाला कोपर लागलं, दिवसभर हात बधिर होता. देवघरात ओल्या हातानं फूल वाहणाऱ्या बाईच्या शेजारी ते मी ठेवणार नाही. गेलेल्या बल्बमधला काळा ठिपका पडलेला एलईडी शॉर्ट करून बल्ब जिवंत करायचा प्रकारही मला पटत नाही. उरलेल्यांवर ताण येतो, आणि ते बोर्डही लाइनवरच असतं.

ओट्यावर सुटे एलईडी पुरत नाहीत, तिथं बारा व्होल्टची पट्टी लावा. पट्टीत रेझिस्टन्स आधीच बसवलेले असतात. दर तीन एलईडींनंतर तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची खूण असते, तिथंच कापा. दर मीटरला 14.4 वॅटची दीड मीटर पट्टी म्हणजे 21.6 वॅट, बाराने भागले की 1.8 अँपिअर. दोन अँपिअरचा अडॅप्टर कागदावर पुरतो, पण कायम काठावर चालून उकळतो. तीनचा घ्या. मागच्या डिंकावर भरवसा नको, एप्रिलमध्ये कूलर सुरू व्हायच्या आतच आमची पट्टी लोंबकळली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवली. पट्टीची उष्णताही त्यात उतरते आणि फोडणीची वाफ पुसायला सोपं जातं.

बॅटरीवरचा दिवा केला तो आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यासाठी. थंडीत तो अंधारातच गाडी लावतो. "काका, माझा दिवा रोज बंद पडून राहिला, काही करता काय?" असं म्हणाला. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, दर मीटरला 4.8 वॅटवाली एक मीटर पट्टी, आणि बॅटरीच्या प्लसवर अगदी जवळ दोन अँपिअरचा फ्युज. फ्युज विसरायचा नाही. बारा व्होल्टचा शॉक लागत नसला, तरी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन पेटते. पट्टी 0.4 अँपिअर खाते. बॅटरी अर्धीच वापरायची, म्हणजे साडेतीन अँपिअर-तास, आठ-साडेआठ तास निघतात. त्याला चारच लागतात. बॅटरी पार कोरडी केली तर वर्षभरात मान टाकते.

उजेड लख्ख पडला, पण तिसऱ्या दिवशी तो तक्रार घेऊन आला. पोह्यांवर ओतायची तर्री काळपट दिसते, गिऱ्हाईक विचारतं कालची आहे काय. मी सकाळी जाऊन पाहिलं, खरंच होतं. मी त्याला 6500 केल्विनची थंड पांढरी पट्टी लावली होती. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना. पण थंड पांढऱ्यात लाल रंगाचा वाटा कमी पडतो, आणि तर्रीत तर लाल सोडून आहे काय! 3000 केल्विनची पिवळसर पट्टी लावली. त्यानं झाऱ्यानं तर्री ढवळली, तवंग लालभडक चमकला. मग माझ्या पोह्यांवर न विचारता दुसरा डाव ओतला आणि म्हणाला, "आता आताची दिसते."