बॉससमोर पहिल्याच चालीत तलवार उपसू नका

टर्न-बेस्ड आरपीजीत (आळीपाळीने चाली खेळायच्या, पात्रं घडवत नेणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये) साध्या शत्रूंवर सरळ हल्ले चालतात, बॉसपुढे, म्हणजे वाट अडवून बसलेल्या तगड्या शत्रूपुढे, मात्र तेच अंगाशी येतं. पहिल्या एकदोन फेऱ्या आपल्या पार्टीचा (सोबत लढणाऱ्या पात्रांच्या गटाचा) बचाव वाढवण्यात आणि बॉसची ताकद उतरवण्यात घाला. हिशेब सोपा आहे: हल्ल्याची ताकद २५ टक्क्यांनी वाढवणारा मंत्र चार फेऱ्या टिकला, तर त्यात गेलेली एक चाल वसूल होते. शिवाय तो सगळ्या पार्टीला लागू होत असेल तर विचारायलाच नको.

कमजोरी शोधणं त्याहून महत्त्वाचं. ‘शिन मेगामी टेन्सेई ५’मध्ये (निन्टेंडो स्विच, २०२१) शत्रूच्या वर्मावर घाव बसला की जादा चाल मिळते, उलट हल्ला हुकला किंवा निष्फळ ठरला तर दोन चाली जातात. म्हणून आग, बर्फ, वीज हे सगळे प्रकार पार्टीत हाताशी हवेत. विषाचा प्रयोग एकदा करून बघा. बरेच बॉस त्याला दाद देत नाहीत, पण जो देतो तो हां हां म्हणता खिळखिळा होतो.

आणि ती ‘नंतर लागतील’ म्हणून साठवलेली औषधं! वापरा. शेवटच्या बॉसनंतर ती कोणाला पाजणार?

हँडहेल्डचं, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलचं, एक पथ्य वेगळं: स्लीप मोड म्हणजे सेव्ह नव्हे. बॅटरी पूर्ण उतरली की अर्धवट लढाई गेलीच. दाराआधी सेव्ह पॉइंट दिसला, तर पुढे बॉस आहे असंच समजा आणि आधी सेव्ह करा, शक्यतो वेगळ्या स्लॉटमध्ये.