थंडीत बाळ निळं-जांभळं दिसतंय? या चुका टाळा

निफाडची डिसेंबरातली थंडी ज्यांनी काढलीय त्यांना माहितीये, आंघोळ घालून बाळाला टॉवेलात घेतलं की मांड्यांवर जांभळट जाळी उठते आणि घरात एकच धावपळ. माझ्या लेकीच्या वेळी मीच रडायला लागले होते. ती जाळी म्हणजे गारव्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आतली ऊब आत राहावी म्हणून, बाकी काही नाही, ऊब मिळाली की थोड्या वेळात जाते. नव्या बाळाचे तळहात-तळपाय निळसर दिसतात तेही बहुतेक यातलंच.

चूक होते ती रंग कुठे बघायचा यात. हातपाय बघून घाबरतो आणि तोंडात बघतच नाही. जीभ, हिरड्या, ओठांची आतली बाजू बघा, सावळ्या बाळाचं तर तिथेच नीट कळतं. जीभच निळी किंवा राखाडी दिसली तर ती थंडी समजू नका, शेक देत बसू नका, 108 लावा.

दुसरं, नुसते पाय चाचपून ठरवू नका, पोटालाही हात लावा. पाय गार पण पोट गरम असेल तर बाळाला थंडी वाजतेय, अंगावर एक थर वाढवा. दोन्ही गार लागले तर अंगच गार पडलंय, काखेत थर्मामीटर लावा, 36.5 सेल्सिअसच्या खाली असेल तर लगेच छातीशी घ्या. आणि गाल लालबुंद म्हणजे बाळ मस्त, असं अजिबात नाही, फार गारठलेलं तान्हं कधीकधी लालच दिसतं! ते दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल तर दवाखाना.

आता शेगडी. आज्जीला वाईट वाटेल पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच, तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास नाही रंग नाही, खोलीतल्या सगळ्यांनाच धोका. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावली तर कोवळी कातडी भाजते. त्यापेक्षा आईने नाहीतर बाबाने उघड्या छातीवर बाळ घ्यायचं, वरून दुपटं आणि गोधडी, तोंड मोकळं, डोक्याला कोरडं टोपडं. कोरडं मुद्दाम म्हणतेय, आमच्याकडे न्हाऊ घातल्यावर ओल्या केसांवरच टोपडं चढवायचे आणि मग म्हणायचे जाळी जात का नाही.