रिसर्च पेपर कुठल्याही विषयाचा असो, आधी बघा पुरावा कशाला म्हणतायत

बरीच वर्षं माझ्या डोक्यात रिसर्च म्हंजे एकच चित्र होतं, पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि शेवटी एक आलेख. मग एका मैत्रिणीने तत्त्वज्ञानातला एक गाजलेला पेपर वाचायला दिला, एडमंड गेटियर यांचा १९६३ सालचा, जेमतेम तीन पानांचा. मी वेड्यासारखा त्यात डेटा शोधत बसलो. सॅम्पल नाही, टेबल नाही, आलेख नाही, नुसत्या दोन छोट्या गोष्टी. तिला म्हटलं यात रिसर्च कुठाय, तर ती हसायलाच लागली.

त्यातली एक गोष्ट अशी. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आलेत. नोकरी जोन्सलाच मिळणार असं स्मिथला खात्रीच्या माणसाकडून कळलंय, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने स्वतः मोजलंय. म्हणून तो म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी असतील. पुढे नोकरी मिळते स्मिथलाच, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहाच नाणी निघतात, ज्याचा त्याला पत्ताच नव्हता. म्हंजे वाक्य खरं ठरलं, त्याचा विश्वास होता, कारणही भक्कम होतं, तरी याला "त्याला माहीत होतं" म्हणायचं का? आपण नाही म्हणतो, आणि तिथेच "ज्ञान म्हंजे खरा असलेला आणि सकारण असलेला विश्वास" ही व्याख्या अडकते. इथे पुरावा म्हंजे व्याख्येत न बसणारं एकच उदाहरण. हजार लोकांचा सर्व्हे लागत नाही.

तेव्हापासून मी कुठलाही पेपर उघडला की पहिला प्रश्न हाच विचारतो, या विषयाच्या लोकांच्यात पुरावा कशाला म्हणतात. तो कळला की पेपर कुठून वाचायला घ्यायचा ते आपोआप कळतं.

गणिताचं लवकर आटपतो, कारण तिथे आपल्यासारख्यांना फारसं काही करता येत नाही. सिद्धता एक तर बरोबर असते नाहीतर नसते, नव्व्याण्णव टक्के बरोबर वगैरे भानगड नाही. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (गणितातलं एक जुनं, गाजलेलं कोडं) सिद्धता जाहीर केली, तपासताना त्यात एक भोक सापडलं, ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडलं आणि पेपर छापून आला १९९५ मध्ये. मधल्या काळात प्रमेय सिद्ध झालेलं नव्हतं, बस. त्यामुळे गणिताच्या पेपरात प्रस्तावना नीट वाचा (नेमकं काय सिद्ध केलंय आणि काय गृहीत धरलंय ते तिथे असतं) आणि त्या क्षेत्रातल्या इतरांनी तपासून मान्य केलंय का एवढं बघा.

फिजिक्समध्ये सगळा खेळ मोजमापाचा. इथे आकड्यापेक्षा आकड्याच्या शेजारचं "अधिक-वजा" आधी वाचायचं. कणभौतिकीत नवा शोध म्हणायला पाच सिग्मा (योगायोगापासून आकडा किती लांब आहे याचं माप) लागतात, म्हंजे नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. पण सिग्मा फक्त योगायोगाचा बंदोबस्त करतो, चुकांचा नाही, हे विसरू नका. २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगात न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं दिसलं, तेही सहा सिग्माने! नंतर कळलं की टायमिंगची एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. त्या लोकांचं कौतुक हे की त्यांनी प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही म्हणणारा आईनस्टाईन चुकला म्हणून नाचायच्या ऐवजी इतरांना तपासायला सांगितलं होतं. म्हणून अशा पेपरात "सिस्टिमॅटिक" चुकांबद्दलचा भाग शोधा, उपकरणातून, कॅलिब्रेशनमधून काय काय चुकू शकतं याची लेखकांनी स्वतः केलेली यादी. ती जितकी सविस्तर तितका माझा विश्वास वाढतो.

आता मेडिकल आणि सायकॉलॉजी. इथे जरा थांबू, कारण फॉरवर्ड होऊन आपल्यापर्यंत येतात ते जास्त करून हेच पेपर. मी स्वतः एकदा स्मरणशक्तीवरचा एक पेपर मोठ्या उत्साहात सगळ्यांना पाठवला होता आणि दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, अरे हा उंदरांवर आहे, वाचलास का? नव्हता वाचला, नुसता ॲबस्ट्रॅक्ट, म्हंजे वरचा सारांश, बघितला होता, तोही अर्धा.

तर इथे सरळ मेथड्सवर, म्हंजे अभ्यास कसा केला त्या भागावर जा. अभ्यास कोणावर केला, किती जणांवर, आणि मुख्य म्हंजे कोणाशी तुलना केली. तुलनेला दुसरा गटच नसेल तर बाकी कितीही भारी लिहिलेलं असो, फार पुढे जाता येत नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा जो पेपर जगभर गाजला त्यात फक्त १२ मुलं होती आणि तुलनेचा गट नव्हता, शेवटी २०१० मध्ये जर्नलने तो मागे घेतला. मग बघा गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेत की लोकांनी आपापले निवडलेत. रोज पळणारे लोक निरोगी असतात हे ठीक आहे, पण आजारी माणूस मुळात पळायला जाईलच कसा?

आणि टक्केवारी दिसली की कागदावर खरे आकडे लिहून काढा, ही सवय लावूनच घ्या. समजा "धोका ५० टक्क्यांनी वाढला" असं छापलंय. आधी दहा हजारांत दोघांना व्हायचं, आता तिघांना होतंय. ५० टक्के हे खोटं नाहीये, पण दहा हजारांत एक माणूस वाढला म्हटलं की पोटातला गोळा जरा कमी होतो. याउलट आधी शंभरातल्या वीस जणांना व्हायचं आणि आता तिसांना होतंय, तर तेही ५० टक्केच, पण ते घाबरण्यासारखं आहे.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली म्हंजे ९५ टक्के खरं, असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये. परिणाम नसताच तर असा किंवा याहून टोकाचा आकडा येण्याची शक्यता किती, एवढंच ते सांगतं. २०१५ मध्ये सायकॉलॉजीतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सिग्निफिकंट (नुसता योगायोग म्हणून सोडता येणार नाही असा) होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. त्यामुळे एकट्यादुकट्या पेपरवर उड्या मारू नका, त्याच प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहणारा रिव्ह्यू आहे का ते शोधा.

इतिहासाचे पेपर मी उलटे वाचतो, म्हंजे तळटीपांपासून. वर मजकुरात माणूस गोड लिहू शकतो, खाली त्याची साधनं उघडी पडतात. मूळ कागदपत्रं पाहिलीत, की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललंय? मग पेपरातला सगळ्यात मोठा दावा निवडायचा आणि त्याची एकच तळटीप शेवटपर्यंत धरून जायचं, तो कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि त्यात त्याचा फायदा काय होता. इतिहासकार हेच करतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिली असं सांगणारं एक दानपत्र कित्येक शतकं खरं मानलं जात होतं. लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये त्यातली लॅटिनच तपासली. रोमन अधिकाऱ्यांना त्यात "सत्रप" (मुळात इराणी सुभेदारांचा किताब) म्हटलंय, जे त्या काळी रोममध्ये कोणी म्हणत नसे. एका शब्दाने खोटेपणाचा वास आला आणि मग बाकीचंही उकलत गेलं. तिथे कुठे लॅब होती? आणि हो, ज्यांनी काही लिहूनच ठेवलं नाही ते लोक कागदात दिसत नाहीत, चांगला इतिहासकार हे कबूल करतो.

मानववंशशास्त्राच्या पेपराला "फक्त एकच गाव घेतलं?" असं विचारणं म्हंजे विहिरीला लांबी विचारण्यासारखं आहे. तिथे किती लोक असं करतात हा प्रश्नच नसतो, असं का करतात आणि ते त्यांच्यात कसं बसतं हा असतो. तुम्ही विचारा, संशोधक तिथे किती दिवस राहिला आणि त्यांची भाषा येत होती का. मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोन वर्षांच्या आसपास राहिला, तिथली भाषा शिकला, म्हणून त्याच्या कामाला वजन आलं. पंधरा दिवस राहून दुभाष्याच्या भरवशावर लिहिलेलं असेल तर मी जरा हात राखूनच वाचतो.

लेखकांची नावं पण विषयागणिक वेगळं बोलतात. गणितात सहसा आडनावाच्या अक्षरक्रमाने, त्यामुळे पहिल्या नावाला काही अर्थ नाही. बायोलॉजीत पहिलं नाव प्रत्यक्ष राबलेल्याचं आणि शेवटचं बहुतेक लॅबच्या प्रमुखाचं. इतिहासात बऱ्याचदा एकटाच माणूस. आणि हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरात ५१५४ लेखक आहेत, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था! कॉम्प्युटर सायन्सवाले जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त मानतात, तेव्हा "जर्नलमध्ये नाही आला" म्हणून नाक मुरडू नका. अर्काइव्ह (arXiv) या पेपर टाकायच्या वेबसाइटवर, जी १९९१ पासून चालू आहे, दिसणारे पेपर प्रीप्रिंट असतात, म्हंजे पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या इतरांनी केलेली तपासणी) झालेला असेलच असं नाही. अर्थात रिव्ह्यू झाला म्हंजे गंगेत न्हालं असंही नाही, वरचा १२ मुलांचा पेपर रिव्ह्यू होऊनच छापला होता. जुना पेपर वापरण्याआधी जर्नलच्या साइटवर त्याचं पान उघडून मागे घेतल्याची नोटीस नाही ना हे बघा, एक मिनिट लागतं.

आणि काही प्रश्नांवर दोन-दोन विषयांचे लोक बसलेले असतात, तिथे प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कसोटीवर घासायचं. ट्युरिनचं कफन घ्या, येशूचं म्हणून मानलं जाणारं इटलीतलं कापड. १९८८ मध्ये तीन लॅबनी कापडाचं कार्बन डेटिंग (कार्बनवरून वय काढणं) केलं आणि १२६० ते १३९० हा काळ काढला. हे वाचताना नमुना कापडाच्या कुठल्या भागातून घेतला आणि तिन्ही लॅबचे आकडे किती जुळतात ते बघायचं. दुसरीकडे १३८९ च्या सुमाराचं एका बिशपचं पत्र आहे, हे रंगवणाऱ्याने कबुली दिली होती असं त्यात लिहिलंय. तिथे सिग्मा चालत नाही, तिथे विचारायचं की हे कापड तेव्हा ज्या चर्चमध्ये होतं त्याच्याशी बिशपचं भांडण होतं का (होतं!), आणि त्याने हे स्वतः पाहिलं की आधीच्या बिशपकडून ऐकलं (ऐकलेलंच). दोन्ही साधनं आपापल्या जागी अर्धवट आहेत, पण एकमेकांशी काही संबंध नसताना साधारण त्याच काळाकडे बोट दाखवतात.