केपॉपच्या चाहत्यांवरचे शिक्के कसे पारखावेत

केपॉप म्हणजे दक्षिण कोरियातील लोकप्रिय संगीत, बहुधा तरुण कलाकारांच्या गटांनी सादर केलेले. त्याच्या चाहत्यांचा विषय निघाला की काही वाक्ये ठरल्यासारखी येतात. या सगळ्या शाळकरी मुली असतात, त्यांना गाण्यातले काही कळत नाही, देखण्या चेहऱ्यांवर त्या भाळलेल्या असतात, आणि आवडत्या कलाकाराविरुद्ध कोणी ब्र काढला तर झुंडीने तुटून पडतात. घरात असा चाहता किंवा चाहती असलेल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि या विषयावर लिहू पाहणाऱ्यांनी ही वाक्ये वापरण्यापूर्वी ती कशी पारखावीत, हे येथे सांगायचे आहे. यांपैकी काही वाक्यांत थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच ती पारखण्याचे काम जिकिरीचे आहे.

सुरुवात शब्दापासून करावी. दक्षिण कोरियात अशा मुलींसाठी ‘प्पासुनी’ हा हिणवणारा शब्द रूढ आहे. मुलगी थोरल्या भावाला ज्या शब्दाने हाक मारते त्या ‘ओप्पा’मधला ‘प्पा’ आणि जुन्या वळणाच्या मुलींच्या नावांत येणारे ‘सुनी’ यांच्या जोडणीतून तो बनला. हेच ‘सुनी’ लावून त्याआधी कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलींना ‘गोंगसुनी’ म्हटले जात असे. 1996 मध्ये एच.ओ.टी. आणि 1997 मध्ये सेक्स कीस हे गट आले, त्यांच्या चाहत्यांनी अनुक्रमे पांढरे आणि पिवळे फुगे घेऊन सभागृहे भरून टाकली, आणि त्या काळात रस्त्यावर रांगा लावणाऱ्या या मुलींना असेच हिणवले गेले. म्हणजे संगीताच्या दर्जाविषयी काही ठरण्याआधीच ऐकणाऱ्याचे वय आणि लिंग पाहून निकाल लागला होता. म्हणून कोणताही शिक्का हाती आला की तो मुळात कोणाला मारण्यासाठी घडवला गेला, हे आधी शोधावे.

यानंतर माणूस बदलून पाहावा. वागणे तेच ठेवायचे आणि वागणारी व्यक्ती दुसरी कल्पायची. माझ्या मते सर्वांत उपयोगी कसोटी हीच आहे आणि तिचे उत्तम उदाहरण कोरियातच सापडते. 2020 मध्ये ‘मिस्टर ट्रॉट’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत विजयी झालेला गायक लिम यंग-उंग ट्रॉट हा जुन्या धाटणीचा लोकप्रिय गानप्रकार गातो. त्याच्या चाहत्यांत मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांचा मोठा भरणा आहे. या स्त्रिया एकाच आकाशी रंगाचे कपडे घालून कार्यक्रमांना जातात, त्याची गाणी पुन्हा पुन्हा वाजवून लोकप्रियतेच्या यादीत वर नेतात आणि त्याच्या नावाने देणग्या देतात. त्यांची तिकिटे काढण्यासाठी मुले आणि नातवंडे संगणकासमोर ठाण मांडून बसतात. या धडपडीला कोरियात ‘ह्योदो तिकेतिंग’, म्हणजे आईवडिलांच्या सेवेपोटी काढलेले तिकीट, असे कौतुकाचे नाव मिळाले आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने नेमके हेच केले तर त्याला वेड म्हणतात. आपल्याकडे 4 जुलै 2024 रोजी विश्वविजेत्या क्रिकेट संघाच्या स्वागतासाठी मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला होता आणि तासन्‌तास उभ्या असलेल्या त्या तरुणांच्या प्रेमाला आपण उत्साह म्हटले. एकाच वागण्याला दोन नावे मिळत असतील, तर आपण वागण्याविषयी बोलत नसून माणसाविषयी बोलत आहोत हे ओळखावे.

तिसरे काम आकड्याचे आहे. ‘हे चाहते कलाकारांचा पिच्छा पुरवतात’ या वाक्यातला ‘हे’ म्हणजे किती जण, असे विचारावे. कोरियन भाषेत अशा पिच्छा पुरवणाऱ्यांसाठी ‘सासेंग’ असा वेगळा शब्द आहे आणि तो ‘खासगी जीवन’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. टॅक्सीने पाठलाग करणे, कलाकाराच्या विमानप्रवासाची माहिती विकत घेऊन त्याच विमानात जागा मिळवणे, घरात शिरणे हे सारे प्रत्यक्षात घडलेले आहे आणि त्याला सौम्य शब्द वापरू नयेत. मात्र सासेंग हे चाहते नव्हेतच, अशी बहुसंख्य चाहत्यांची भूमिका असते, आणि पाठलागाला शिक्षा देणारा कायदा ऑक्टोबर 2021 पासून कोरियात अमलात आहे. त्याचप्रमाणे मार्च 2024 मध्ये एस्पा गटातील करीना हिला, एका अभिनेत्याशी असलेले नाते उघड झाल्यावर, हस्तलिखित पत्राद्वारे चाहत्यांची माफी मागावी लागली. काही चाहत्यांनी तिच्या कंपनीसमोर निषेधाचे फलक झळकवणारा ट्रक उभा केला होता. ही घटना लिहिताना ‘काही चाहत्यांनी ट्रक पाठवला’ असे लिहावे. ‘केपॉपचे चाहते कलाकारांना प्रेम करू देत नाहीत’ असे लिहिले, तर तिची बाजू घेणारे असंख्य चाहते त्या एका वाक्यात पुसले जातात.

पैशांच्या आरोपात तथ्य आहे, ते मान्य करावे. एकाच अल्बमच्या दहा-वीस प्रती घेणारे चाहते आहेत. पण त्यामागची व्यवस्थाही समजून घ्यावी. प्रत्येक अल्बममध्ये कोणत्या सदस्याचे छायाचित्र-कार्ड निघेल हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. कलाकाराला भेटून सही घेण्याच्या कार्यक्रमासाठी सोडत असते आणि जितक्या प्रती घ्याव्यात तितकी नाव निघण्याची शक्यता वाढते. शिवाय पहिल्या आठवड्याच्या विक्रीचा आकडा प्रतिष्ठेचा मानला जातो. ही रचना कंपन्यांनी केलेली आहे, आणि त्यातून होणाऱ्या प्लास्टिकच्या कचऱ्याविरुद्ध 2021 पासून ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ ही मोहीम चाहत्यांनीच चालवली आहे. पालकांनी खर्चाविषयी जरूर बोलावे, रक्कम ठरवून द्यावी. त्या बोलण्यात गाण्याची टिंगल मात्र मिसळू नये, कारण टिंगल झाली की मूल खर्च लपवू लागते.

‘मेंढरांसारखे वागतात’ हा आरोप पारखताना, ही माणसे एकत्र येऊन काय करतात ते पाहावे. कार्यक्रमाच्या दारात फुलांच्या चक्रांसोबत तांदळाची पोती रचायची आणि तो तांदूळ नंतर गरजूंना द्यायचा, ही कोरियन चाहत्यांची रीत आहे. जून 2020 मध्ये बीटीएस हा गट आणि त्याची कंपनी यांनी अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी चळवळीला 10 लाख डॉलर दिले, तेव्हा चाहत्यांनी सुमारे एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. 3 डिसेंबर 2024 रोजी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारल्यानंतर सोलमधील राष्ट्रीय सभेसमोर, म्हणजे संसदेसमोर, जमलेल्या गर्दीत विशी-तिशीतील स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरणारी होती. त्यांच्या हातांत आपापल्या आवडत्या गटाचे, कार्यक्रमांत उजळवून हलवायचे प्रकाशदंड होते आणि त्या गर्ल्स जनरेशन या गटाचे 2007 मधील ‘इनटू द न्यू वर्ल्ड’ हे गाणे गात होत्या. 2016 मध्ये इह्वा महिला विद्यापीठातील विद्यार्थिनींनी पोलिसांच्या समोर हेच गाणे म्हटले होते. कडाक्याच्या थंडीत रात्र काढणे, आळीपाळीने जागा राखणे, एका सुरात घोषणा देणे हे सारे त्या कार्यक्रमांच्या रांगांत आधीच शिकल्या होत्या. 14 डिसेंबरला महाभियोग संमत झाला तेव्हाही ते प्रकाशदंड तेथेच उजळलेले होते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. असे प्रसंग वाचून ‘केपॉपचे चाहते म्हणजे क्रांतिकारक’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि 2020 मध्ये अनेक बातम्यांनी तेच केले. तोही शिक्काच आहे. कृष्णवर्णीय चाहत्यांना याच समूहात वर्णद्वेषी बोल ऐकावे लागले आहेत, हे त्यांनी वारंवार सांगितले आहे.

पुरुष कलाकारांच्या रंगभूषेवरून ‘बायकी’ म्हणून त्यांची आणि त्यांच्या पुरुष चाहत्यांची हेटाळणी होते. बालगंधर्वांच्या शालूची आणि नथीची नक्कल घराघरांत झालेली आहे, एवढे स्मरण मराठी वाचकाला पुरावे. भारतातील आवड ही कालची लाट आहे, हाही समज मणिपूरमध्ये टिकत नाही. तेथे 2000 मध्ये बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यानंतर कोरियन मालिका आणि गाणी घरोघरी पोहोचली. कोरियन शिकणाऱ्यांना ‘स्वतःला कोरियन समजतात’ असे म्हणण्यापूर्वी त्या भाषेत मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि आदरार्थी रूपे पदोपदी सांभाळावी लागतात, हे जाणून घ्यावे. ती शिकण्यासाठी चिकाटी लागते.

शेवटी प्रत्यक्ष चाहत्याशी बोलावे. ‘तुला यांच्यात काय दिसते?’ या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेले असते. त्याऐवजी ‘मी आधी कोणते गाणे ऐकू?’ असे विचारावे आणि ते पूर्ण ऐकावे. लेख लिहिला असेल तर छापण्यापूर्वी तो एखाद्या चाहत्याकडून वाचून घ्यावा. गटांची आणि सदस्यांची नावे, तसेच कोरियन नावात आडनाव आधी येते हा साधा नियम, यांतल्या चुका सर्वांत आधी त्याच्याच नजरेस पडतील.