संत्र्याच्या क्रेटला ब्लॉकचेन जोडताय? या चुका टाळा

काटोल-नरखेडच्या बागांतून नागपूरच्या कळमना बाजारात जाणाऱ्या संत्र्याचा माग काढण्याच्या नोंदी मी बघतो: कुठला क्रेट कुठल्या बागेतून आला. या नोंदी ब्लॉकचेनमध्ये जातात, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या, एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीत. नवीन पोरं आठ दिवसांत ॲप उभं करतात आणि बागेत पाय न ठेवता काम झालं म्हणतात. त्यातूनच सगळ्यात महागडी चूक होते: बागेतली नोंद नंतर, दुसरीकडे बसून करणं.

मागच्या आंबिया बहारात (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक) एका वॅक्सिंग केंद्रावर, म्हणजे फळांना मेण लावून आकाराप्रमाणे निवडतात तिथे, नोंदी तपासत होतो. ४२ क्रेट, तीन बागा, आणि सगळ्यांची तोडणी रात्री ११ वाजून ४ ते ८ मिनिटांच्या दरम्यान! रात्री अकराला संत्रा कोण तोडतं? माल दुपारीच उतरला होता, क्रेट एकमेकांत मिसळले होते, आणि जेवण झाल्यावर तिथल्या पोराने हाताला लागेल त्या क्रेटला कोडचे स्टिकर चिकटवले होते. कुठला क्रेट कुठल्या बागेचा, हे कोणालाच सांगता येईना. साखळीत मात्र प्रत्येक हॅश (नोंदीचा डिजिटल ठसा) चोख जुळत होता. लिहिलेलं कोणी गुपचूप बदललं तर ब्लॉकचेन पकडते. मुळात खोटं लिहिलं असेल तर ते तिला कळत नाही. तो माल मी बागनिहाय म्हणून पुढे जाऊ दिला नाही.

तेव्हापासून माझ्याकडे कोड झाडाखालीच लागतो, क्रेट भरणाऱ्याच्याच हाताने. दवाने ओल्या क्रेटवर स्टिकर टिकत नाही, म्हणून मी टॅग तारेने बांधतो. बागेत रेंज नसते, तेव्हा नोंद वेळेसकट फोनमध्ये साठली पाहिजे. शिवाय वही: गट नंबर, क्रेट नंबर, वेळ. वहीचा कंटाळा करणाऱ्याला मी हे काम देत नाही.

दुसरी चूक वॅक्सिंगच्या पट्ट्यावर. तीन बागांचा माल एकत्र ओततात, आकाराप्रमाणे नव्या पेट्या भरतात आणि त्यावर जुनाच कोड डकवतात. एका वेळी एकाच बागेचा माल चालवा, मग पट्टा रिकामा करा. वेळ जातो, केंद्रवाला कुरकुरतो, जाऊ द्या. मिसळलाच, तर नवा लॉट नंबर देऊन त्याला तिन्ही बागा जोडा.

फोटो, अहवाल साखळीत कोंबू नका. फाईल बाहेर, तिचा हॅश आत. शेतकऱ्याचा आधार क्रमांक कधीच नको, तो नंतर पुसता येत नाही. नोंदीवर सही करायच्या सगळ्यांच्या डिजिटल किल्ल्या एकाच फोनमध्ये ठेवल्या, तर नोंद कोणी केली हे सिद्ध होत नाही. आणि सगळे नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक, एकाच कंपनीचे असतील तर साधा डेटाबेस पुरतो. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेचं ग्रेपनेट २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षांचा माग ब्लॉकचेनशिवाय ठेवत आलं आहे.

वॉलमार्टने ब्लॉकचेन वापरून आंब्याचा माग ७ दिवसांऐवजी २.२ सेकंदांत काढला, हे मला प्रत्येक नवखा ऐकवतो. पण त्या २.२ सेकंदांआधी प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी नोंद केलेली होती.

मृग बहाराची (दुसऱ्या हंगामाची) तोडणी सुरू होण्याआधी पाच क्रेट बागेपासून कळमन्यापर्यंत स्वतः सोबत न्या. तिथे कोड स्कॅन करा आणि गट नंबर वहीशी जुळतो का ते बघा.